तबूकहून परतणारी बस

॥ श्री ॥

जिद्दा, अल अझीझिया
३ नोव्हेंबर १९९०

ती. पद्मिनीताईस,
जगदीशचा कृ. सा. न. वि. वि.

फराळाचा डबा पोचला. कस्टमवाल्यानं चकली उजेडात धरून आरपार पाहिली, मग खाऊन पाहिली, मग आणखी चार खाल्ल्या. करंज्यांचा भुगा झाला होता, तो आसावरीनं चमच्यानं वाढला. गोडाला आकार लागत नाही, त्यामुळे कोणी तक्रार केली नाही.

युद्धाची काळजी करू नकोस. कुवेत इथून जवळपास पुण्याहून दिल्लीइतकं लांब आहे. खिडक्यांच्या काचांना मात्र आम्ही चिकटपट्ट्या लावल्यात, शेजारच्यांनी लावल्या म्हणून. माझी मेस उलट जोरात चालली आहे. कांदे सोलायला आलेला तुझा भाऊ आज तीन कँपांना जेवण पोचवतो आणि भीतीनं माणसाची भूक वाढते हे त्यानं डोळ्यांनी पाहिलंय.

हॉकीही चालू आहे. शुक्रवारी सामना नसला तर हे सगळे कामगार खोल्यांत बसून रेडिओ ऐकतील आणि शनिवारी बॅगा भरतील, हे कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे. आमची ‘अझीझिया इलेव्हन’ काल यांबूला खेळली. मी माझी बस काढतो, जमालुद्दीन चालवतो, खेळाडू पुढे आणि आम्ही ओरडणारे मागे. तू नेहमी विचारतेस म्हणून सांगतो, बाहेरगावच्या सामन्याला जायचं तर यांबूसारखं गाव नाही. मैदान समुद्राच्या अंगाला. वाळूवर तेल मारून रोलर फिरवलेला, त्यावर चेंडू कॅरमच्या सोंगटीसारखा सुटतो. वारा एका बाजूनं येतो, त्यामुळे टॉस जिंकला की अर्धा सामना हातात. हरलं तरी तळलेला मासा मिळतो. रियाधला मैदान सुरेख, पण प्रेक्षक बँकेत रांगेला उभे असल्यासारखे गप्प. दम्मामकडे आता सगळी फौजच फौज, तिकडचे सामने खलास.

आता मुद्द्याचं. ताई, हे वाचताना बसून घे.

यांबूला मी साइडलाइनला पाठ करून चहाचा थर्मास उघडत होतो. मागून एक माणूस आमच्या राइट-हाफला शिव्या घालत होता. शिव्या साध्याच, पण प्रत्येक शिवीआधी नाकातून एक शिट्टीसारखी ‘हं’ निघत होती. माझा हात तिथेच थांबला. खडकीच्या मैदानावर, गोलपोस्टमागून चेंडू गोळा करून आणताना हे ‘हं’ मी लहानपणी दररोज ऐकलंय. वळून बघायची गरजच नव्हती, तरी वळलो. केस गेलेत, पोट आलंय, दात बसवलेत. भाऊसाहेब. तुमच्या टीमचा मॅनेजर भाऊसाहेब.

फॅक्टरीतून निवृत्ती घेतली आणि इथली माणसं पळाल्यानं रिकाम्या झालेल्या एका जागेवर स्टोअरकीपर म्हणून सप्टेंबरात आला. जिद्द्यातच राहतो, यांबूला कंपनीच्या गाडीनं सामना बघायला आला होता. मला ओळखलं नाही. ओळखणार कसा? चेंडू आणून देणाऱ्या पोराच्या तोंडाकडे कोण बघतो? शिवाय खडकीत सगळे समजतात की तुझा भाऊ दुबईला आहे. त्यांच्या लेखी समुद्रापलीकडे सगळी दुबईच. इथं मी नुसता मेसवाला जगदीशभाई. आडनाव त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. वर त्याला चहा दिला आणि तो म्हणाला की खडकी सोडल्यापासून असा चहा प्यालो नव्हतो.

तुला जबलपूरला टाकून हा टीम घेऊन परत आला त्या दिवसाचं मला सगळं आठवतं. तू दुसऱ्या दिवशी कपाळाला पट्टी बांधून दारात उभी राहिलीस, त्याच्या आधी त्याची गोष्ट घरी पोचली होती. मुलगी सामना संपल्यावर आपल्या पायांनी निघून गेली, मी अख्खं स्टेशन पालथं घातलं. तू टाके दाखवलेस, तर चाळीतल्या बायका म्हणाल्या की टाके अर्ध्या तासात घालून होतात, रात्र मोठी असते. बाबांनी तुझी स्टिक बंबात घातली. नगरच्या सोयऱ्यांनी साखरपुड्याची साडी परत मागितली. ती नेऊन द्यायला मलाच पाठवलं होतं.

तू सांग, काय करू? मी इथं बऱ्याच गोष्टी करू शकतो.

मुलींच्या टीमला माझ्याकडून शाबासकी. पत्र लवकर टाक, तुझ्या अक्षराशिवाय आठवडा सुना जातो. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
जगू

---

॥ श्री ॥

खडकी
१९ नोव्हेंबर १९९०

चि. जगदीश यास,
अ. उ. आ. सौ. आसावरीसही आशीर्वाद.

तुझं पत्र शाळेत आलं. शिपायानं वर्गावर आणून दिलं, ते मी तास संपेपर्यंत उघडलं नाही आणि उघडल्यावर पुढचा तास घेतला नाही. मुलींना वाटलं युद्धाची काही बातमी आहे.

आधी तुझं. पत्रातला तुझा फोटो पाहिला. पोट यांबूच्या माशांवर एवढं वाढत नाही, तू स्वतःच्याच मेसमध्ये जेवतोस असं दिसतं. आसावरीला सांग, याला रोज मैदानाला दोन फेऱ्या मारायला लाव.

आता त्याचं. सोडून दे, जगू. मी एक्केचाळीस वर्षांची पी.टी.ची बाई आहे. माझी नोकरी आहे, खोली आहे, मैदान आहे. इथं लोक आता मला बाई म्हणून उठून उभे राहतात. आणि एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. त्याची मुलगी विभा माझ्याकडे खेळली. शाळेत असल्यापासून. कॉलेज संपलं तरी अजून सकाळी येते, लहान मुलींना शिकवायला मदत करते. तिच्यासारखी राइट-हाफ माझ्या हाताखालून दुसरी गेली नाही. बाप कधी मैदानाकडे फिरकला नाही. रस्त्यात मी दिसले की त्याला समोरच्या दुकानात काहीतरी घ्यायचं आठवायचं. विभाला काहीच ठाऊक नाही. मी कशाला सांगू?

तू शहरांचं लिहितोस ते मी टीमला वाचून दाखवते. मुलींनी विचारलं, बाई, तुम्हाला बाहेरगावी खेळायला कुठलं गाव आवडलं? मी पटकन बोलून गेले, जबलपूर. खरंच आहे ते. त्या गावाला हॉकी कळत होती. टांगेवाल्यांपासून वकिलांपर्यंत सगळे मैदानावर. आपण परक्या गावच्या, तरी चांगला पास दिला की टाळ्या. मी डावीकडून चेंडू घेऊन निघाले की माणसं उठून उभी राहायची. शेवटच्या पाच मिनिटांत चेंडू उडून भुवईवर बसला. भाऊसाहेबानं सांगितलं, टांग्यानं इस्पितळात जा, आम्ही तिथून तुला घेऊन स्टेशनवर जातो. मी टाके घालून बाकावर बसले. दिवे लागले, कोणी आलं नाही. माझी पिशवी टीमबरोबर गेली होती, अंगावर खेळाचे कपडे आणि हातात स्टिक. बायजाबाई म्हणून नागपूरकडची आया होती, तिनं आपला चहा अर्धा करून दिला, रात्रभर शेजारी बसली आणि सकाळी गाडीत बसवून दिलं. तिचा पत्ता घ्यायचं मला सुचलं नाही. खरं काय ते सांगू शकेल असं ते एकच माणूस होतं.

बघ, सोडून दे म्हणाले आणि तीन पानं लिहिली.

तो म्हातारा दिसतो का? झोप लागते का त्याला? एवढं मात्र कळव.

दोघं जपून राहा. सायरन झाला तर शूरपणा नको. माझा जीव तुमच्याकडे आहे, तो सांभाळा.

तुझी,
पद्मिनीताई

---

॥ श्री ॥

जिद्दा
७ डिसेंबर १९९०

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: झोप उत्तम लागते. बसमध्ये माझ्या शेजारी बसतो आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरतो. घोरण्यातही ते ‘हं’ आहे.

मी त्याचा जिवलग झालोय. रोज संध्याकाळी मेसमध्ये त्याला भाकरी आणि मिरचीचा ठेचा वेगळा ठेवतो. त्यानं मला पोरीचं सगळं सांगितलं. विभासाठी स्थळं बघतायत, तो लग्नापुरतं कमवून परत जाणार आहे. एका शुक्रवारी मी सगळ्यांसमोर म्हटलं की भाऊसाहेबांना खडकीच्या टीमचा अनुभव आहे, आपले मॅनेजर तेच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो असा फुलला की बटण तुटायची वेळ आली.

गेल्या आठवड्यात ताइफला गेलो. थंड हवेचं गाव, डोंगरावर, नागमोडी घाट. डाळिंबं अशी की दाणे पाहून वाटतं कुणी पॉलिश केलेत. प्रेक्षकाला यांबूनंतर ताइफच, खेळाडूंना मात्र दम लागतो. उतरताना घाटात गाडी हळू होती, गप्पा रंगल्या. प्रत्येक जण बाहेरगावच्या सामन्यांच्या गमती सांगू लागला. भाऊसाहेबाची पाळी आली.

त्यानं जबलपूर सांगितलं, ताई. गंमत म्हणून सांगितलं.

म्हणाला की आमच्या मुलींच्या टीममधली एक एकदा परतीच्या वेळी गायबच. आम्ही डब्यात पत्ते कुटत होतो. इटारसीला चहा घेतला तेव्हा एक कप उरला, तेव्हा कळलं की एक नग कमी आहे. मग काय केलं, असं कादिरनं विचारलं. कादिर आमचा गोलकीपर. तर म्हणाला, काय करणार, तो कप मी प्यालो. डब्यात पाय पसरायला जागा झाली. घरी गेल्यावर सांगितलं, पळाली कुणाबरोबर. नाहीतर माझं मॅनेजरपद गेलं असतं. अख्खी बस हसली. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो, कारण न हसणारा मी एकटाच उरलो असतो तर त्याला संशय आला असता.

स्टेशन पालथं घातलं होतं म्हणे. इटारसीला कळलं त्याला! इटारसीला!

आता ऐक. ११ जानेवारीला आमचा सामना तबूकला आहे. उत्तरेला, फौजेचं गाव, पाचसहाशे मैलांचा रस्ता. परक्या माणसाला इथं आपल्या शहराबाहेर जायचं तर कफीलचं, म्हणजे इथल्या जामीनदार मालकाचं, पत्र लागतं. आम्ही सगळे मिळून एकच पत्र नेतो, माझ्या कफीलचा शिक्का, खाली सगळ्यांची नावं. ते पत्र माझ्या खिशात असतं. भाऊसाहेबाचा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, अजून तयार नाही. म्हणजे बसमधून उतरलेला भाऊसाहेब हा कागद नसलेला माणूस. कोणीही धरावा आणि विचारावं, तू इथं काय करतोस? कोणाबरोबर आलास? आणि त्याच्या सांगण्यावर कोणी विश्वास ठेवू नये.

मी मोजणार आहे. बस त्याच्याशिवाय निघेल. त्याच्या अंगाला धक्का लागणार नाही, शब्दही वाकडा बोलणार नाही. फक्त त्यानं तुला दिलं तेच देणार.

तुझ्या होकाराशिवाय करणार नाही. पण नकार द्यायचा असेल तर ती इटारसीची गोष्ट पुन्हा एकदा वाच आणि मग लिही.

तू आहेस म्हणून मी आहे, हे विसरू नकोस.

तुझा,
जगू

---

॥ श्री ॥

खडकी
२२ डिसेंबर १९९०

चि. जगदीश यास,
अ. उ. आ.

कर.

मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले होते की त्यानं शोधलं असेल, घाबरला असेल, म्हणून खोटं बोलला असेल. घाबरलेल्या माणसाला मी माफ केलं होतं, जगू. चहा पिणाऱ्याला नाही. माझ्या नावाचा चहा तो प्याला आणि पाय पसरून झोपला आणि नगरच्या लोकांनी विचारलं तेव्हा मान खाली घालून गप्प बसला. त्यांच्यासमोर तो काही बोललाच नाही, हेच तर सगळ्यात वाईट होतं. बोलला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

दोन गोष्टी मात्र माझ्या ऐकायच्या. एक, तिकडे हिवाळ्यात पाणी गोठतं असं तू मागे लिहिलं होतंस. त्याच्यासाठी एक घोंगडी आणि जेवणाचा डबा ठेवून ये. मला बायजाबाईनं चहा दिला होता, मी तिच्यापेक्षा कमी ठरणार नाही. दुसरी, हे कोणी केलं आणि कशासाठी, ते त्याला कळलं पाहिजे. आंधळा तडाखा मला नको.

विभा आज सकाळी मैदानावर आली होती. मी तिच्याशी नीट बोलले. बोलता आलं मला, याचं माझं मलाच नवल वाटलं.

आसावरीला हे सांगितलंयस का? सांगितलं नसशील तर सांगू नकोस, सांगितलं असशील तर तिची समजूत घाल.

देव तुम्हा सगळ्यांना सुखरूप ठेवो. आज देवाचं नाव घ्यायला जरा संकोच होतोय, तरी घेते.

तुझी,
ताई

---

॥ श्री ॥

जिद्दा
१६ जानेवारी १९९१

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

झालं.

तबूकबद्दल आधी लिहितो, टीमला वाचून दाखवता येईल. गाव सुंदर आहे. वाळवंटात एकदम हिरवी शेतं, गहू आणि फुलं. हवा अशी कोरडी थंड की स्टिक हातात वाजते. मैदानाच्या पलीकडून विमानं उठतात, चेंडूचा आवाज ऐकू येत नाही, अंपायरची शिट्टीही नाही. तरी चार कँपांतली माणसं जमली होती आणि दोन्ही बाजूंच्या गोलांना सारख्या टाळ्या. आम्ही एका गोलनं हरलो. कादिर चांगला खेळला. एरवी मी म्हटलं असतं, सगळ्यात चांगलं गाव हेच.

सामन्यानंतर भाऊसाहेबाला बाजारात जायचं होतं. विभासाठी मखमली रजई घ्यायची होती, लग्नात द्यायला. मी त्याला सांगितलं की बस इशाच्या नमाजानंतर सुटेल, निवांत जा. बाकीच्यांना मगरिबनंतर, म्हणजे दीड तास आधीच, बसायला सांगितलं होतं. जाताना त्यानं मला सांगितलं की मी मॅनेजर असलो तरी माणसं तूच मोज, मला ते मोजणं जमत नाही. अगदी याच शब्दांत. तो एकदा जरी म्हणाला असता की मी स्वतः मोजतो, तरी मला वाटतं माझा हात थांबला असता. नक्की सांगता येत नाही.

घोंगडी आणि डबा कँपच्या स्वयंपाक्याकडे ठेवला. निरोप दिला की हे पद्मिनीच्या भावानं ठेवलंय, जबलपूरच्या पद्मिनीच्या.

जमालुद्दीननं इंजिन चालू करून विचारलं, पूरे हैं? मी म्हटलं, पूरे हैं, यल्ला. कादिरनं भाऊसाहेबाची रिकामी जागा पाहून विचारलं. मी सांगितलं, त्याला ओळखीचे भेटलेत, तो मागाहून येईल. माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की मीच चमकलो.

रस्त्यात मी जागा होतो. वाटलं होतं, छाती हलकी होईल. झाली, पहिल्या पेट्रोल पंपापर्यंत. मग जरा वेगळंच वाटू लागलं. पण परत वळ असं मी जमालुद्दीनला सांगितलं नाही. हे तुला खरं लिहितो.

तिसऱ्या दिवशी कळलं, पोलिसांनी धरलंय. फौजेच्या तळाजवळ रजई घेऊन फिरत होता. एरवी दोन दिवसांत सोडतात, पण काल त्या इराकला दिलेली मुदत संपली आणि आता कोण कोणाला सोडणार?

आसावरी माझ्याशी बोलत नाही. ताटही जरा जोरात ठेवते.

तुला बरं वाटलं का, ते लिही. मला ते कळायला हवं.

तुझा,
जगू

---

॥ श्री ॥

जिद्दा
१२ फेब्रुवारी १९९१

ती. पद्मिनीताईंस,
आसावरीचा सा. न. वि. वि.

ह्यांना न सांगता हे पत्र टाकते आहे. पोस्टाचा काही भरवसा नाही, तुमचंही पत्र महिन्याभरात नाही. आम्ही बरे आहोत. रियाधवर रॉकेटं पडतात, इकडे अजून नाही. सगळे रेडिओला कान लावून असतात. ह्यांचे कान तर तुम्हाला ठाऊकच आहेत, भिंतीपलीकडचं कुजबुजणंही ऐकतात. तेच आता ह्यांना छळतंय.

ते भाऊसाहेब अजून कोठडीत आहेत. विमानतळाजवळच आहे म्हणे ती. लढाई सुरू झाल्यापासून डोक्यावरून विमानं जातात. ह्यांनी आपल्या कफीलच्या पाया पडून प्रयत्न केले, तेव्हा एवढंच जमलं की सुटले की परस्पर विमानात बसवून घरी पाठवतील, पासपोर्टवर शिक्का मारून. पुन्हा येता येणार नाही.

मेसमध्ये मात्र निराळंच उठलंय. ते दारूच्या भानगडीत सापडले, कोणी म्हणतं बाईच्या. हे तिथंच भाकऱ्या मोजत उभे असतात, सगळं ऐकतात आणि गप्प राहतात. ह्या आठवड्यात दोघे पुण्याकडे परत गेले, ते ही बातमी घेऊनच गेले. जमालुद्दीनभाईंना खरं कळलं तेव्हा त्यांनी बसची किल्ली आमच्या टेबलावर ठेवली. म्हणाले की तुमचं भांडण तुमचं, पण पूरे हैं म्हणून खोटं सांगून मला गाडी चालवायला लावली, ती मी आता चालवणार नाही. ह्यांच्याबरोबर पहिल्या दिवसापासूनचा माणूस.

ताई, तुमच्यावर झालेला अन्याय मी लग्न झाल्यापासून ह्यांच्या तोंडून ऐकत आले. मला त्या माणसाचा कळवळा नाही. पण हे रात्री जेवत नाहीत आणि तुमच्या पत्राची वाट बघतात. बरं वाटलं की नाही, एवढं त्यांना लिहा. जे असेल ते खरं लिहा.

मला आपली म्हणता, ती ओढ कायम ठेवा.

आपली,
आसावरी

---

॥ श्री ॥

खडकी
९ एप्रिल १९९१

चि. जगदीश व सौ. आसावरी यांस,
अ. उ. आ.

युद्ध संपलं, तुम्ही सुखरूप आहात, मला सगळं मिळालं. आधी पत्र का नाही, तर लिहायला काही नव्हतं. बरं वाटलं का, असं तू विचारलंस. तेव्हा वाटलं नव्हतं.  आता सांगते.

भाऊसाहेब फेब्रुवारीच्या शेवटी आला. निम्मा होऊन आला. त्याच्याआधी तुझ्या मेसमधली गोष्ट येऊन पोचली होती. किराणावाल्याकडे, दळणाच्या गिरणीत, सगळीकडे एकच. भाऊसाहेब तुरुंगात होते, दारू होती, बाई होती. तो लोकांना सांगे, मला बस विसरून गेली. लोक मान हलवत आणि तो पुढे गेला की हसत. बस विसरते होय? आणि तो पुढचं बोलू शकत नव्हता, कारण कोणी सोडलं, का सोडलं हे सांगायचं तर जबलपूर सांगावं लागणार. मला रस्त्यात दिसला, तर या वेळी दुकानात शिरला नाही. उभा राहून बघत राहिला. मी निघून गेले.

मार्चमध्ये विभाला साताऱ्याचं स्थळ आलं. मुलगा निमिष, बँकेत आहे, शहाणा वाटला. मुलाची आत्या चौकशीला आली, ती थेट शाळेत माझ्याकडे. मुलगी तुमच्या हाताखाली वाढली, तुम्ही सांगाल ते आम्ही प्रमाण मानू, असं तिनं सांगितलं. मुलीबद्दल मी सांगितलं. मग तिनं खुर्ची जवळ ओढली आणि बापाचं विचारलं. तिकडे कुठल्या भानगडीत होता म्हणे?

जगू, मला काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती. मान खाली घालून गप्प बसले असते तरी ती उठून गेली असती. अशी संधी माझ्या हातानं रचूनही मला मिळाली नसती. खोटं नाही, शिवी नाही, नुसतं गप्प बसायचं. मी काही क्षण गप्प होतेही. त्या क्षणांची गोडी मी तुला सांगू शकत नाही.

मग मी तिला म्हटलं की मला सगळं ठाऊक आहे, पण ते मी भाऊसाहेबांच्या घरी, त्यांच्यासमोर सांगेन. रविवारी सगळ्यांना घेऊन या.

रविवारी गेले. मुलाचे आईवडील, आत्या, निमिष, समोर भाऊसाहेब आणि त्याची बायको. विभा पोह्यांचं ताट घेऊन दारात. मला बघून त्याचा हात खुर्चीच्या दांडीवर गेला. मी शाळेत बोलते तशी उभी राहून बोलले. आधी सांगितलं, हा माणूस तबूकमध्ये निर्दोष होता. दारू नव्हती, बाई नव्हती, हातात मुलीसाठी घेतलेली रजई होती. मला हे ठाऊक आहे, कारण त्याला तिथं टाकून बस आणणारा माझा सख्खा भाऊ आहे आणि त्याला कर म्हणून मी लिहिलं होतं. तुझं नाव घेतलं मी, जगू. घ्यावंच लागलं.

आत्याबाईंनी विचारलं, का?

मग जबलपूर सांगितलं. टाके, बाक, बायजाबाई. घरी आलेली गोष्ट. नगरची साडी. इटारसीचा चहा. आवाज चढवला नाही. भुवई दाखवली.

मुलाचे वडील भाऊसाहेबाकडे वळले आणि त्यांनी एवढंच विचारलं की बाई सांगतात ते खरं का? आणि मी त्याच्याकडे पाहत होते. त्याला दोनच रस्ते होते. खोटं म्हणावं तर तबूकही खोटं ठरतं, तो दारुडा कैदी राहतो आणि पोरीचं लग्न मोडतं. खरं म्हणावं तर ज्या पोरीसाठी म्हणायचं ती दारात उभी राहून ऐकते आहे.  त्यानं दोनदा ते नाकातलं ‘हं’ केलं आणि म्हणाला, खरं आहे. मग मी न विचारता म्हणाला की शोधलं नव्हतं, चहाही खरा.

बरं वाटलं, जगू. खोटं कशाला सांगू? बावीस वर्षांत कुठला गोल करूनही वाटलं नाही असं बरं वाटलं. 

साताऱ्याच्या लोकांनी होकार कळवला. आत्याबाई म्हणाल्या की चुकीचा माणूस आहे, पण चुकीचं काम करून तुरुंगात गेलेला नाही आणि मुलगी बाईंची आहे. खडकीत दोन्ही गोष्टी एकाच दिवशी पसरल्या, तबूकची आणि जबलपूरची. चाळीतल्या ज्या बायका अजून जिवंत आहेत त्यातली एक घरी येऊन बसली, शेंगा देऊन गेली.

आता न गोड लागलेलं. विभा दुसऱ्या दिवशी मैदानावर आली. मुलींचा सराव पूर्ण घेतला. नंतर मला विचारलं की इतकी वर्षं तुम्ही मला शिकवलंत, तेव्हा माझ्यात तुम्हाला कोण दिसत होतं?  उत्तराला ती थांबली नाही. त्यानंतर मैदानावर आलेली नाही. तुझ्याकडून जमालुद्दीन गेला, माझ्याकडून ही. त्याच्याकडे तू जा, जगू. बोलावणं पाठवू नकोस, स्वतः जा आणि त्याच्याशी खोटं बोललास हे त्याच्या तोंडावर सांग.

काल भाऊसाहेब अक्षत घेऊन आला. लग्न १९ मेला आहे. दारात उभा राहिला. मी मुलींच्या स्टिकना टेप गुंडाळत होते, हातातली स्टिक पूर्ण होईपर्यंत त्याला उभा ठेवला. मग अक्षत घेतली. घरात बोलावलं नाही. त्यानं विचारलं की आता आपलं फिटलं असं मी समजू का? मी सांगितलं की मी लग्नाला येणार आहे, माझा भाऊ आणि भावजयही येणार आहेत, आम्हाला व्याह्यांच्या ओळीत बसवायचं. तिथं पाहुणे विचारतील, ही मंडळी कोण? तेव्हा उत्तर मी देणार नाही आणि माझा भाऊही देणार नाही. तुम्ही द्यायचं, पहिल्यापासून, प्रत्येकाला.

तो हो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

तेव्हा रजा मागून घे, जगू. तिकीट मेच्या पहिल्या आठवड्याचं काढ. चांगले कपडे शिव. आसावरी, तू ताट हळू ठेवायला लाग, आता पुरे. दोघांवर माझा लोभ आहे, तुमचाही माझ्यावर, मी जशी निघाले तशा माझ्यावर, असू द्या.

तुमची,
पद्मिनीताई